माडाला कलम नसतं

कोकणातल्या परसात हापूस आणि माड शेजारी शेजारी उभे असतात, पण दोघांच्या जन्माची तऱ्हा वेगळी. हापूस कलमाचा. ज्या झाडाची काडी बांधली त्याच्याच चवीचा आंबा मिळणार, ही खात्री रोप विकत घेतानाच पदरात पडते. माडाला ती सोय नाही. त्याला फांदी नाही, त्यावर डोळा भरता येत नाही, छाट लावून तो जगत नाही. नारळ रुजवायचा, एवढी एकच वाट. त्यात बाणवलीसारख्या उंच जातीत एका पोयीतली नरफुलं मादीफुलं तयार होण्याआधीच बहुतेक झडून जातात. मग पराग येतो तो दुसऱ्या माडावरून, वाऱ्यानं नाहीतर मधमाशीनं. आई डोळ्यांसमोर उभी, बापाचा पत्ता नाही. प्रत्येक नारळ नवा जीव घेऊन येतो.

म्हणूनच बियाण्याचा नारळ निवडताना जाणती माणसं एवढी चिकित्सा करतात. दरवर्षी न चुकता धरणारा, वर्षाला ८० च्या वर नारळ देणारा, भर वयातला माड आधी हेरायचा. पेंड दोरीनं खाली सोडायची, आदळू द्यायची नाही. नारळ पुरता जून, ११-१२ महिन्यांचा हवा. कानाशी धरून हलवला की पाणी खुळखुळलं पाहिजे. न वाजणारा सरळ भाजीला. आणि रुजवायचा तो असोलाच, कारण ओल धरून ठेवतं ते सोडण.

महिनाभर सावलीत ठेवून मग वाळूच्या वाफ्यात तो दोन तृतीयांश पुरायचा आणि पाणी देत राहायचं. पुढचे तीन-चार महिने वर काही दिसत नाही. आत मात्र गडबड चालू असते. तीन डोळ्यांपैकी दोन बंद, तिसऱ्याखाली इवलासा गर्भ. त्याचं एक टोक कोंब होऊन बाहेर निघतं आणि दुसरं आत पाण्यात फुगत जातं. पिवळसर, स्पंजासारखा गोड गोळा होतो तो. आधी पाणी पितो, मग खोबरं विरघळवत करवंटी भरून टाकतो. शहरात हल्ली तो ‘नारळाचं फूल’ म्हणून गाडीवर मिळतो; फुलाशी त्याचा काही संबंध नाही. पहिलं वर्षभर रोप मुख्यतः या शिदोरीवर जगतं. काचेच्या भांड्यात नारळ उभा करून दिवाणखान्यात ठेवतात, तो सुरुवातीला एवढा तजेलदार दिसतो तोही याच बळावर. शिदोरी संपली की मरगळतो. शोभेपुरतं ठीक, पण त्याच्याकडून फळाची आशा करू नये.

रोपवाटिकेत माया चालत नाही. पाच-सहा महिन्यांत मोड न दाखवणारा नारळ फेकून देतात. उरलेल्यांतूनही जाड बुंध्याची, आणि ज्यांची पंख्यासारखी जोडलेली पानं लवकर फाटून सुटी होतात तीच रोपं उचलतात. मग तीन फुटी खड्डा, दोन माडांत २५ फुटांचं अंतर, भरपूर ऊन, गेंडा भुंग्यावर नजर. इतकं करूनही उंच जातीला पहिली पोय यायला सहा-सात वर्षं लागतात, आणि निवड बरोबर होती की नाही ते तेव्हा कळतं. मिरची फसली तर दोन-तीन महिन्यांत समजतं.

आपल्याला कलमाची सवय लागली आहे. शाळा, नोकरी, फ्लॅट, सोयरीक, सगळीकडे आधी हमी पाहिजे, मग पाणी घालू. माड तसला करार करत नाही. पण म्हणून तो नशिबाचा खेळ आहे असंही नाही. आई निवडणं आपल्या हातात असतं, दुबळं रोप वेळीच बाजूला काढणं आणि आळ्यात पाणी सोडणंही. फळाची खात्री तेवढी नसते, आणि मला वाटतं कोकणातल्या माणसाचा शांतपणा थोडाफार या झाडाखाली शिकलेला आहे.

अंगणात जागा असेल तर रत्नागिरीजवळ भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्राकडे किंवा कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेत चौकशी करा. त्याहून बरं म्हणजे ओळखीच्या परसात चांगला धरणारा माड असेल तर तो स्वतः जाऊन बघा, घरच्यांना त्याचा इतिहास विचारा आणि एक जून नारळ मागून घ्या. बियाण्यासाठी मागितलेल्या नारळाला सहसा कुणी नाही म्हणत नाही.