ग्वाल्हेरचे दोनशे सत्तर

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर पूर्वेकडून चढणाऱ्या वाटेवर चतुर्भुज विष्णूचे लहानसे देऊळ आहे, कातळातच कोरून काढलेले. प्रतिहार राजा भोजदेवाच्या काळात किल्ल्याचा कोट्टपाल असलेल्या अल्लाने ते उभारले. तिथल्या संवत ९३३, म्हणजे इ. स. ८७६च्या शिलालेखात देवाच्या फुलबागेसाठी जमीन दिल्याची नोंद आहे: लांबी २७० हात, रुंदी १८७ हात. त्या बागेतून देवाला रोज ५० माळा जायच्या. २७० आणि ५० मधली शून्ये तिथे छोट्या गोलांनी कोरली आहेत. कंबोडियातल्या संबोर इथल्या ६८३च्या लेखातले शून्य याहून जुने. पण भारतात पक्की तारीख असलेल्या दगडावरच्या शून्यांत ग्वाल्हेरचा मान फार वरचा आहे.

लोक तिथे शून्य पाहायला जातात. मला मात्र त्या अख्ख्या संख्येचे वेड आहे.

शून्य झाकून पाहा. उरतात २७, आणि त्यांचे विभाजक चारच: १, ३, ९, २७. शून्य पुन्हा जागेवर ठेवले की संख्या दसपट होते, हे शाळेतले पोरही सांगेल. पण दहा म्हणजे दोन गुणिले पाच, आणि हे दोन्ही मूळ अवयव २७ मध्ये नव्हते. दोनामुळे चाराचे आठ विभाजक झाले, पाचामुळे आठाचे सोळा. शेजारच्या १८७ कडे बघा: अकरा गुणिले सतरा, विभाजक तेच चार.

आता त्या सोळांची बेरीज करा. ती येते ७२०, म्हणजेच एकापासून सहापर्यंतच्या संख्यांचा गुणाकार. सोळाने भागले की सरासरी ४५, आणि हे ४५ स्वतःच सोळा विभाजकांपैकी एक आहे. २७० ला ४५ ने भागले की बरोबर ६. उरत काही नाही! विभाजकांच्या सरासरीने संख्येला असा पूर्ण भाग जाणे फार दुर्मीळ. १, ६, २८, १४० आणि मग एकदम २७०. नॉर्वेचे गणिती ऑयस्टीन ओर यांनी १९४८ साली अशा संख्यांचा अभ्यास मांडला, म्हणून त्यांना ओर संख्या म्हणतात. १ सोडून एखादी विषम ओर संख्या आहे का, याचे उत्तर अजून कोणालाही सापडलेले नाही.

बाग मोजणाऱ्याला हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याने हात मोजले, कोरणाऱ्याने आकडे कोरले. संख्येचे गुण तिच्यातच होते, कोणी पाहो न पाहो. आपल्या नाणेघाटातल्या सातवाहनकालीन लेखातही मोठमोठ्या संख्या आहेत, पण तिथे शंभराला, हजाराला वेगवेगळी चिन्हे लागतात. ग्वाल्हेरात जागेवरूनच किंमत कळते, आणि म्हणून सुमारे साडेअकराशे वर्षांनंतरही ती संख्या आपल्याला सरळ वाचता येते.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात नातेवाईक असलेली मराठी कुटुंबे तिथे जातच असतात. जयविलास राजवाडा, तानसेनाची कबर सगळे पाहावे, पण किल्ला चढताना या देवळापाशीही थांबावे. मुले सोबत असतील तर त्यांना लेखातले २७० दाखवा आणि त्याचे सोळाही विभाजक तिथेच काढायला सांगा.