निवड आणि पारख

ज्याच्याकडे आपण कांहीं मागितलें त्यानें उत्तर देण्यास किती काळ घ्यावा, आणि त्या काळांत मागणाऱ्यानें कसें राहावें, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या ग्रंथांत सहसा आढळत नाहीं. दान, ऋण, वचन यांची चर्चा तेथें भरपूर आहे. प्रतीक्षा मात्र नीतिवेत्त्यांनीं कवींच्या स्वाधीन केलेली दिसते. आमचें लक्ष या प्रश्नाकडे वेधलें तें अमेरिकेंत स्थायिक झालेल्या आमच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या पत्रांमुळें. यांतील बरेच जण न्यू जर्सींत आहेत. त्यांचीं मुलें आतां सतरा वर्षांचीं झालीं, आणि नोव्हेंबरपासून जानेवारीअखेरपर्यंत या पत्रांत दुसरा विषय नसतो: कॉलेजचें उत्तर आलें कीं नाहीं?

ज्या वाचकांस तिकडील रीत ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. तेथें प्रवेश एका परीक्षेच्या टक्केवारीवर ठरत नाहीं. शाळेंतील चार वर्षांचे गुण, शिक्षकांचीं शिफारसपत्रें, शाळेबाहेरील उद्योग आणि विद्यार्थ्याचा स्वतःविषयींचा निबंध, हें सर्व एकत्र पाहून प्रवेश-मंडळ आपला निर्णय करितें. नेहमींच्या अर्जाचें उत्तर मार्चअखेरीस येतें. परंतु पुष्कळ विद्यापीठांनीं ‘अर्ली ॲक्शन’ या नांवाची आगाऊ अर्जाची सोय ठेविली आहे. ऑक्टोबरच्या मध्यास किंवा 1 नोव्हेंबरपर्यंत अर्ज धाडावा, डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत केव्हां तरी उत्तर मिळावें, आणि होकार आला तरी 1 मेपर्यंत विद्यार्थी मोकळा, अशी ही व्यवस्था आहे. ‘अर्ली डिसिजन’ या तिच्या थोरल्या बहिणीप्रमाणें येथें होकाराबरोबर बंधन येत नाहीं, म्हणून ही सौम्य गणली जाते. “बंधन नाहीं खरें, पण झोंपही नाहीं,” असें एका बापानें आम्हांस लिहिलें आहे. या सोयीवर आक्षेपही आहेत. घरीं सल्ला देणारें कोणी असेल त्याच मुलास ती वेळेवर सुचते, या कारणास्तव हार्वर्ड व प्रिन्स्टन यांनीं 2006 सालीं आगाऊ प्रवेश बंद करण्याचें जाहीर केलें. 2011 सालीं दोघांनींही तो पुन्हां सुरू केला. पुण्यकर्म एकट्यानें केल्यास गिऱ्हाईक शेजारीं जातें, हें त्यांस उमगलें असावें.

यांत अर्जदार परराज्याचा असला म्हणजे प्रकरण अधिक बिकट होतें. अमेरिकेंतील सरकारी विद्यापीठें मध्यवर्ती सरकारचीं नसून त्या त्या राज्याचीं आहेत. त्यांची कीर्ति जगभर, पण दरवाजे दोन. नॉर्थ कॅरोलिनाच्या नियामक मंडळानें 1986 सालीं पहिल्या वर्षाच्या वर्गांत परराज्यांतील विद्यार्थी शेंकडा 18 हून अधिक नसावेत अशी मर्यादा घातली. ऑस्टिनच्या टेक्सस विद्यापीठांत शेंकडा 90 जागा कायद्यानेंच टेक्ससवासीयांच्या आहेत. व्हर्जिनिया विद्यापीठांत सुमारें दोन-तृतीयांश विद्यार्थी घरचे असतात. आपल्याकडे पाहुण्यास आधीं वाढण्याची चाल आहे. तेथें घरच्यांस आधीं वाढतात आणि पाहुण्याकडून पानाचे पैसे जास्त घेतात. मिशिगनमध्यें तर परराज्याच्या विद्यार्थ्याची फी घरच्या विद्यार्थ्याच्या तिपटीहून अधिक असते. जॉर्जिया टेक या सरकारी संस्थेंत वाट पाहण्याचीही वांटणी झालेली आहे: जॉर्जियाच्या मुलांना डिसेंबरांत उत्तर मिळतें, बाहेरच्यांस जानेवारीच्या अखेरीस. एकाच वर्गासाठीं अर्ज केलेला एक मुलगा नाताळांत निश्चिंत असतो आणि दुसरा नव्या वर्षांतही टांगलेलाच राहतो.

हें न्याय्य आहे काय? आमच्या मतें याचें उत्तर वाटतें तितकें सोपें नाहीं. राज्य म्हणतें, हें विद्यापीठ आमच्या करांवर चाललें, तेव्हां आमच्या करदात्यांचीं मुलें आधीं. यांत तथ्य आहे, आणि अधिवासाच्या दाखल्यासाठीं कचेरींत खेटे घातलेल्या महाराष्ट्रीय वाचकांस तें परकें वाटणार नाहीं. आपल्या सरकारी वैद्यक महाविद्यालयांतही शेंकडा 15 जागाच अखिल भारतासाठीं असतात. परंतु ‘आमचें’ हा शब्द जरा उकलून पाहिला पाहिजे. 1862 च्या मॉरिल कायद्यानें मध्यवर्ती सरकारनें राज्यांस जमिनी दिल्या आणि त्यांच्या उत्पन्नांतून पुष्कळ विद्यापीठें उभीं राहिलीं किंवा सांवरलीं. या जमिनी सर्व राष्ट्राच्या मालकीच्या समजल्या जात. त्याआधीं त्या मूळच्या रहिवाशांच्या होत्या. आणि ज्या राज्यांत अशी जमीन शिल्लक नव्हती त्यांस दुसऱ्या राज्यांतील जमिनीचे हक्क मिळाले. न्यूयॉर्कांतील कॉर्नेल विद्यापीठाचा निधि विस्कॉन्सिनांतील अरण्यांवर वाढला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. तेव्हां पूर्वजांच्या करांचा हिशेब शेवटपर्यंत नेला तर घरचा कोण आणि पाहुणा कोण, हें इतक्या ठसक्यानें सांगतां येणार नाहीं.

शिवाय घरचेंपणही पक्कें नसतें. बहुतेक राज्यें त्यासाठीं बारा महिन्यांचें वास्तव्य मागतात. त्यामुळें नोकरीपायीं ऐन उन्हाळ्यांत बिऱ्हाड हलविणाऱ्या कुटुंबाचा मुलगा कांहीं काळ दोन्ही राज्यांस परका ठरूं शकतो. 1973 सालीं कनेक्टिकट विद्यापीठांतील दोन विद्यार्थिनींच्या दाव्यांत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें असें ठरविलें कीं, आपल्या खऱ्या रहिवाशांस राज्यानें कमी फी आकारण्यास हरकत नाहीं, मात्र अर्ज करतांना जो बाहेरचा होता तो शिक्षण संपेपर्यंत बाहेरचाच, असें कायमचें गृहीत धरतां येणार नाहीं. आम्हांस हा निकाल शहाणपणाचा वाटतो. घरच्यांस प्राधान्य देण्याचा राज्याचा अधिकार आम्हीही मान्य करितों. आमची तक्रार निराळी आहे.

ती अशी कीं, या सर्व व्यवहारांत निवड आणि पारख यांची गल्लत होते. सराफ कसोटीवर सोनें घांसतो ती पारख. तिचें उत्तर सोन्याविषयीं असतें, आणि दुसऱ्या पेढीवर नेलें तरी सोनें बदलत नाहीं. प्रवेश-मंडळ करितें ती निवड. त्यास वर्ग भरावयाचा असतो. अमक्या जागा घरच्यांच्या, तमक्या बाहेरच्यांच्या, कांहीं अभियांत्रिकीच्या, कांहीं वाद्यवृंदांत वाजविणाऱ्यांच्या. अशा निवडींत नकार मिळाला तर त्यावरून त्या मुलाची योग्यता किती, हें जवळजवळ कांहींच कळत नाहीं. हें पालक जाणतात, मुलेंही तोंडानें म्हणतात. पण वाट पाहणाऱ्याचें मन तें मानीत नाहीं, आणि त्याचा दोष आम्ही मुलांस देणार नाहीं. गणिताचा पेपर बिघडला तर गणित बिघडलें. येथें मुलाकडून गुणच मागितले असते तर नकारही गुणांपुरता राहिला असता. परंतु त्याजकडून साडेसहाशें शब्दांपर्यंतचा निबंध मागितला जातो, आणि त्यांत आजीचें आजारपण, पहिली फजिती, घरांतील दोन भाषांची ओढाताण, असें तें आजवर कोणास न सांगितलेलें लिहून देतें. ‘तूं कोण आहेस तें सांग’ असें विचारून मग ‘नको’ म्हटलें, तर तें ‘नको’ कोणास लागेल? प्रश्न आत्म्याविषयीं विचारावयाचा आणि उत्तर पुष्कळ अंशीं पत्त्यावर ठरवावयाचें, यांत आम्हांस असत्य नव्हे, पण असत्याच्या शेजारचें कांहीं दिसतें. बाहेरच्यांस किती जागा होत्या व त्यांसाठीं किती अर्ज आले, एवढे दोन आंकडे त्याच नकाराच्या पानावर ठळक छापले, तर विद्यापीठाचें कांहीं वेंचणार नाहीं आणि मुलाच्या डोक्यावरचें मोठें ओझें उतरेल.

वडीलधाऱ्यांविषयींही थोडें बोललें पाहिजे. अशा वेळीं आपल्या घरांत गीतेंतील फलत्यागाचा उपदेश फार स्वस्त होतो. बाप मुलास सांगतो कीं, तूं आपलें काम केलेंस, आतां फळाचा विचार सोड. आणि स्वतः रात्रीं अकरा वाजतां संगणकावर कोणत्या राज्यांत कोणाचें उत्तर आलें तें शोधीत बसतो. तो उपदेश स्वतः आचरणाऱ्यासाठीं आहे. दुसऱ्याच्या गळ्यांत बांधण्याचा तो ताईत नव्हे. सतरा वर्षांच्या मुलास आशा सोडण्यास सांगण्यापेक्षां ती निमूटपणें करूं देणें आम्हांस अधिक दयाळूपणाचें वाटतें. पूर्वीं टपालानें जाड पाकीट आलें तर होकार व पातळ आलें तर नकार, हें दारांतच कळे. आतां ठरलेल्या सायंकाळीं, ठरलेल्या मिनिटास, मुलाच्या नांवाचें पान उघडतें. आणि पुण्याची आत्या, ठाण्याचे काका व शेजारची बिऱ्हाडें यांस तें मिनिट आधींच ठाऊक असतें. उत्तर ज्याच्या नांवें आलें त्यानें तें दार लावून एकट्यानें वाचावें, आणि बाहेर येऊन सांगावेंसें वाटेल तेव्हां सांगावें, इतका त्याचा हक्क घरानें राखला पाहिजे. फीचा भार बापावर आहे म्हणून पहिली नजरही त्याची, हा हिशेब आम्हांस मान्य नाहीं.

शिवाय उत्तर दोनच प्रकारचें येतें असेंही नाहीं. ‘डिफर्ड’ म्हणून तिसरें एक आहे: तुमचा अर्ज नेहमींच्या अर्जांबरोबर पुन्हां पाहूं. परराज्याच्या पुष्कळ मुलांच्या वाट्यास तेंच येतें, आणि जानेवारींत संपावयाची प्रतीक्षा मार्चअखेरपर्यंत लांबते. मधल्या काळांत विद्यापीठास शाळेच्या सहामाहीचे गुण धाडावयाचे असतात, तेव्हां त्या मुलास दुसऱ्या सकाळींही बस पकडून शाळेंत जावें लागतें आणि भौतिकशास्त्राचा पेपर लिहावा लागतो.