पाहणारा आणि दाखविणारा

केवळ पाहिल्याने मनुष्य कर्माचा धनी होतो काय, हा प्रश्न आपल्या दर्शनकारांनी फार पूर्वी विचारला आणि त्याचे सर्वांत निःसंदिग्ध उत्तर सांख्यांनी दिले. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत पुरुषाचे जे स्वरूप वर्णिले आहे त्यात साक्षित्व, माध्यस्थ्य आणि अकर्तृत्व ही लक्षणे एकत्रच मांडलेली आहेत. जो खरोखर पाहणारा आहे तो करणारा असूच शकत नाही, असा त्या मांडणीचा रोख आहे. पुढे त्याच ग्रंथात प्रकृतीला नर्तकीची उपमा दिली आहे. रंगसभेला आपले नृत्य दाखवून झाले की नर्तकी जशी निवृत्त होते, तशी प्रकृती पुरुषाला आपले रूप दाखवून निवृत्त होते. ही उपमा मला नेहमीच मोहक वाटत आली; परंतु माध्यमविद्येच्या पहिल्या वर्षाच्या मुलामुलींना कॅमेरा हाताळण्याचे प्राथमिक पाठ देऊ लागल्यापासून तिच्यात एक जागा रिकामी आहे, असे माझ्या मनाने घेतले आहे. नर्तकी आहे, प्रेक्षक आहे. पण नृत्य कोठून पाहावयाचे, किती वेळ पाहावयाचे, पायांतील घुंगरांकडे पाहावयाचे की मुद्रेकडे, हे ज्याच्या हुकमाने ठरते तो तिसरा माणूस त्या रंगसभेत नाही. सांख्यांना त्याची गरज नव्हती. आपल्याला आहे, कारण जगाचा फार मोठा भाग आज आपण त्याच्याच मार्फत पाहतो, आणि तो पाहतो म्हणून साक्षी समजावा की दाखवितो म्हणून कर्ता, याचा निवाडा अजून व्हावयाचा आहे.

विद्यार्थी वर्गात येतो तो एक समजूत बरोबर घेऊनच येतो. डोळा चुकेल, मन पक्षपात करील, पण यंत्र निःपक्षपाती आहे, समोर जे असेल ते ते टिपते, अशी ती समजूत. ती दूर झाल्याशिवाय पुढचे काही शिकविता येत नाही, म्हणून पहिल्याच आठवड्यात मी एक काळी घोंगडी आणि एक पांढरे धोतर मागवितो. कॅमेरा स्वयंचलित मोजणीवर ठेवून आधी घोंगडीने सबंध फ्रेम भरावयाची आणि चित्र घ्यावयाचे. मग तसेच धोतराचे. दोन्ही चित्रे शेजारी शेजारी लावली की दोन्ही राखाडी निघतात, आणि घोंगडी कोणती व धोतर कोणते हे विणीवरून ओळखावे लागते. याचे कारण असे की, समोरची वस्तू तिच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १८ टक्के प्रकाश परतविते, म्हणजे ती मध्यम करड्या रंगाची आहे, असे गृहीत धरूनच यंत्रातील प्रकाशमापक चालतो. काळ्याला तो उजळवितो, पांढऱ्याला मळवितो, आणि सगळ्या जगाला आपल्या करड्या सरासरीवर आणून ठेवतो. घोंगडी काळी दिसावी असे वाटत असेल तर मापकाचा कौल झुगारून प्रकाश कमी करावा लागतो. धोतर शुभ्र दिसावे असे वाटत असेल तर वाढवावा लागतो. जे आहे ते आहे तसे दिसावे एवढ्यासाठीसुद्धा कोणाला तरी निर्णय घ्यावा लागतो आणि तो आपल्या शिरावर घ्यावा लागतो, ही गोष्ट त्या घोंगडीने मुलांना जितकी स्वच्छ कळते तितकी माझ्या कोणत्याही व्याख्यानाने कळलेली नाही.

पुढचे पाठही याच दिशेने जातात. आपल्याकडील वीजप्रवाहाची सेकंदाला ५० आवर्तने होतात, त्यामुळे साधी ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा तेजाळते आणि मंदावते. डोळ्याला ती अखंड भासते, पण शटर १/५० वर न ठेवता भलत्याच वेगावर ठेवले की पडद्यावर काळसर पट्टे सरकू लागतात. रात्रीच्या पहिल्या प्रहरातील ज्योत आणि शेवटच्या प्रहरातील ज्योत ही एकच म्हणता येत नाही आणि वेगळीही म्हणता येत नाही, असे नागसेनाने मिलिंद राजाला समजाविले होते. त्या संवादाची आठवण मला शटरचा पाठ देताना हटकून होते.

दाखविणाऱ्याच्या निर्णयाने सत्याची हानीच होते, असे मात्र मी मुळीच म्हणणार नाही. १९१२ साली विलायतेहून विल्यमसन कॅमेरा घेऊन परतलेल्या दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ हाती घेण्यापूर्वी वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित केली. रोप आपल्या गतीने वाढत होते, फाळके थोड्याथोड्या अंतराने एकेक चौकट टिपत होते, आणि अनेक दिवसांची ती वाढ पडद्यावर काही क्षणांत उलगडली. त्यातील एकही चौकट खोटी नव्हती, तरीही सबंध दृश्य असे होते की ते कोणाही मनुष्याच्या डोळ्याने पूर्वी पाहिलेले नव्हते. रोपाला त्यांनी बोट लावले नाही. दोन चौकटींत किती काळ जाऊ द्यावयाचा एवढेच त्यांनी ठरविले. त्या एवढ्याशा ठरविण्यात मला मोठी तपस्या दिसते, आणि तीत कर्तृत्व नव्हते असे म्हणण्यास माझी जीभ रेटत नाही.

परंतु रोपाला मन नसते. माणसासमोर भिंग रोखले की प्रश्नाचे वजन एकदम वाढते. ज्ञानोबांची आणि तुकोबांची पालखी पुण्यात मुक्कामाला येते त्या दिवसांत शहरातील बहुतेक माध्यमशाळांची मुले कॅमेरे घेऊन पेठांत हिंडत असतात. एका संध्याकाळी नाना पेठेतील एका शाळेच्या ओसरीवर एक म्हातारी पायांना तेल चोळीत बसली होती, आणि माझा एक विद्यार्थी समोरच्या पायरीवर उकिडवा बसून तिच्या पावलांच्या भेगा टिपीत होता. भिंग ५० मिलिमीटरचे, छिद्र पूर्ण उघडे. त्यामुळे भेग न् भेग लख्ख आणि मागचे सगळे धूसर. बराच वेळ झाल्यावर म्हातारीने मान वर केली आणि म्हणाली, “झालं का माऊली काढून? मग येवढी पिशवी धर, मला उठायचंय.” त्याने गडबडीने एका हाताने पिशवी धरली, दुसऱ्या हातातला कॅमेरा चालूच राहिला आणि कलंडला.

वर्गात ते चित्रण पाहताना पावलांच्या दृश्याची सर्वांनी वाखाणणी केली. फक्त एका मुलीने विचारले, “त्यांच्या शेजारी कोण बसलं होतं रे?” त्याला ते ठाऊक होते, कारण पिशवी धरल्यावर त्याच्या ओळखी झाल्या होत्या, शेजारी तिची जाऊ होती, पलीकडे गावच्या बाया होत्या, भिंतीशी दिंडीचा विणेकरी टेकला होता. चित्राला मात्र यांपैकी कोणीच ठाऊक नव्हते. छिद्र उघडे ठेवण्याच्या एका सुंदर निर्णयाने दिंडीतली बाई एकाकी, अनाथ वृद्धा झाली होती, आणि वारीत कोणी एकटे चालत नाही हे तर वारीचे मर्म आहे. फोकस बिनचूक, प्रकाश बिनचूक, आणि दृश्याचा आशय असत्य! जैन तत्त्ववेत्त्यांनी प्रत्येक विधान एका नयापुरतेच खरे मानले आणि एकच नय पूर्ण सत्य म्हणून मिरविण्याला नयाभास म्हटले; भिंगाच्या बाबतीत याहून अचूक इशारा मला कोणत्याही तांत्रिक पुस्तकात आढळला नाही.

अशा वेळी संजयाचे नाव निघतेच. राजवाड्यात अंध राजापाशी सुरक्षित बसून दूरचे युद्ध निर्विकारपणे वर्णन करणारा, असे त्याचे चित्र कॅलेंडरांनी आपल्या मनात रुजविले आहे. प्रत्यक्ष महाभारतातला संजय निराळाच आहे. भीष्मपर्वात तो रणांगणावरून धावत येऊन भीष्म पडल्याची वार्ता सांगतो. शल्यपर्वात सात्यकी त्याला पकडतो आणि ठार करणार एवढ्यात व्यास येऊन सोडवितात. हा अनर्थ तुझ्याच दोषाने ओढवला, असे तो धृतराष्ट्राला तोंडावर पुनःपुन्हा बजावतो, आणि गीता संपविताना विजय कोणत्या बाजूला आहे याविषयी स्वतःचे मत देऊनच थांबतो. दिव्य दृष्टी मिळाली म्हणून तो युद्धाबाहेर गेला नाही. गीतेच्या तेराव्या अध्यायातही देहातल्या परमपुरुषाला जवळून पाहणारा म्हटल्याबरोबर लगेच अनुमती देणारा म्हटले आहे, ही जोडी मला सांख्यांच्या कोरड्या साक्षित्वापेक्षा अधिक खरी वाटते. जो जवळून पाहतो आणि थांबवीत नाही, त्याची संमती त्या घटनेत रुजू झालेली असते.

मग कॅमेरा खालीच ठेवावा काय? माझे काही सहृदय मित्र तसे म्हणतात. मला ते पटत नाही. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुनील जाना यांनी छायाचित्रे घेतली नसती तर त्या उपासमारीचा पुरावा कितीतरी दुबळा राहिला असता. दाखविणारा हवाच. फक्त त्याने साक्षीपणाच्या आड लपू नये, आपण तेथे होतो, अमुक जागी उभे होतो, हे कबूल करावे. म्हणूनच म्हातारीच्या चित्रणातून केलेल्या लघुपटाच्या संकलनात, कलंडलेला तो तुकडा तांत्रिक दोष म्हणून कापावा असा बहुतेकांचा आग्रह असताना, तो तसाच ठेवण्याची त्या विद्यार्थ्याची तजवीज मी मान्य केली. त्यात ओसरीची फरशी दिसते, पिशवीचा बंद दिसतो, जावेचा हात दिसतो आणि म्हातारीचा आवाज ऐकू येतो.

त्यानंतर मी एक नवा शिरस्ता घातला आहे. ज्या माणसाचे चित्रण केले त्याला तयार झालेली चित्रफीत नेऊन दाखवावयाची, त्याचे म्हणणे लिहून घ्यावयाचे, आणि पंचनाम्याखाली पंचांची सही घेतात तशी त्याखाली त्याची सही किंवा अंगठा घ्यावयाचा. मुले कुरकुर करतात. मुदत थोडी असते, एस्टीचे भाडे पदरचे पडते, आणि कधीकधी समोरचा माणूस चित्रफितीत नसलेल्याच गोष्टींविषयी तासभर बोलत बसतो. ते बोलणेही लिहून आणा, असे मी सांगतो. म्हातारीची दिंडी शोधणे अवघड गेले नाही, कारण दिंड्यांना क्रमांक असतात आणि तो त्याने टिपून ठेवला होता. तो तिच्या गावी जाऊन आला. पाय बघून ती हसली आणि जावेचा चेहरा कुठे आहे म्हणून तिने विचारले, असे त्याने अहवालात लिहिले आहे. खाली तिचा अंगठा आहे, आणि तिच्या हरकतीसह तो अहवाल मी वर्गाच्या दप्तरात लावून घेतला आहे.