तालमीला म्हाइंभट हवा

गुरूचे सान्निध्य संपल्यावर शिष्याच्या हाती काय उरते? मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपुरात सुमारे साडेसातशे वर्षांपूर्वी हा प्रश्न रोजच्या जगण्याचा झाला होता. महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी उत्तरेकडे निघून गेले, त्यांचे शिष्य नागदेवाचार्य आणि इतर अनुयायी स्वामींचे गुरू गोविंदप्रभू यांच्या सेवेला इथे आले. त्यांच्यातल्याच म्हाइंभटांनी मग स्वामींच्या लीळा, म्हणजे आठवणी, गोळा करायला घेतल्या. ज्याने पाहिले त्याला गाठायचे, नागदेवाचार्यांकडून पारखून घ्यायचे आणि मग लिहायचे, असे ‘लीळाचरित्र’ उभे राहिले. त्यात चमत्कारांशेजारी चालणे, जेवणे, रागावणे, भक्तांच्या फजित्याही आहेत. प्रयोगाची नव्हे, ती तालमीची नोंद म्हणावी.

याच गावात गोविंदप्रभूंच्या लग्नाचा खेळ मांडला गेला आणि पंथातल्या महदाइसेने धवळे, म्हणजे लग्नगीते, रचून गायिले. शब्द आपल्यापर्यंत आले. चाल, दम कुठे घेतला, प्रभू कशावर हसले, हे गेले ते गेलेच. तिथे कॅमेरा असता तर, असे कोणालाही वाटेल, आणि त्यात काही चूक नाही.

1972 मध्ये तोर्गाइर वेथाल या नटाने डेन्मार्कच्या ओडिन थिएटरातला शारीरिक सराव चित्रित केला. पोलंडचे नट रिशार्ड चिश्लाक इतर नटांना शिकवत असतानाही त्यानेच टिपले. ते पाहून विद्यार्थ्याला कोलांटीची दिशा, तोल कुठे सुटतो ते कळते. पण शिक्षक आता त्या विद्यार्थ्याच्या पाठीवर हात ठेवणार नाही. सान्निध्य चित्रित होत नाही. महानुभावांनीही पोथीला स्वामींची जागा दिली नाही; पोथी स्मरणासाठी होती.

म्हाइंभटांकडून शिकावे ते वेगळेच. एकाच प्रसंगाची दोघांची आठवण निराळी निघाली, तर त्यांनी ते वेगळेपण नोंदवले. परंपरा सांगते की मूळ प्रत पुढे धाडीत गेली आणि पाठ असलेल्यांनी ती पुन्हा उभी केली. पाठभेद आणखी वाढले. कॅमेरा मात्र एकाच कोपऱ्यातून पाहतो आणि तेच घडले असे ठासून सांगतो. दिग्दर्शक ओरडला ते दिसते. नटीला त्या क्षणी काय उमगले, ते नाही. शिवाय फितीत टिपलेले अडखळणे नटाचे असते, संस्थेचे नव्हे. ते कायमचे जपले जाणार या धास्तीने चुकण्याची मोकळीकच उरली नाही, तर ती तालीम कसली?

रिद्धपुरात आता मराठी भाषा विद्यापीठ आहे, 2024 साली त्याला पहिले कुलगुरू मिळाले. तिथे किंवा पुण्याच्या ललित कला केंद्रात शिकवण्यासाठी तालमी चित्रित होणार असतील, तर प्रत्येक फितीसोबत नटाचे, दिग्दर्शकाचे आणि कडेला बसून पाहणाऱ्याचे कथन जोडावे, जुळले नाही तरी तसेच. आणि आपला तुकडा मागे घ्यायचा हक्क नटाला आधीच लेखी द्यावा.