लिहिणारा हात, तपासणारा हात

तलाठी फेरफार लिहितो आणि मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतो. वारसनोंद असो, खरेदीखत असो की वाटणी, गाव नमुना ६ मध्ये नोंद घालणे आणि हितसंबंधितांना नोटिसा बजावणे हे तलाठ्याचे काम. त्याला २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी हे पदनाम मिळाले आहे. कोणी हरकत घेतली, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० प्रमाणे प्रकरण तक्रार नोंदवहीत जाते. मग मंडळ अधिकाऱ्याला दोन्ही बाजू ऐकून निर्णय द्यावा लागतो. तलाठ्याच्या मंडळ अधिकारीपदावरील बढतीचा आदेश निघाला की काल नोंद लिहिणारा माणूस आज तिचा निवाडा करायला बसतो.

हा बदल केवळ वेतनश्रेणीचा नाही, कामाचा स्वभावच पालटतो. आपले दप्तर चोख ठेवणे वेगळे आणि अनेक सझांची दप्तरे चोख ठेवून घेणे वेगळे. कालपर्यंत ज्याच्यासोबत डबा खाल्ला, त्याची नोंद कागद अपुरे म्हणून आज नामंजूर करायची असते. भाऊबंदकीच्या वादात दोघांचेही म्हणणे शांतपणे ऐकून कारणांसह आदेश लिहायचा असतो. विभागीय परीक्षेत कलमे पाठ होतात, ही कसोटी मात्र तिथे लागत नाही.

शासनाला याची जाण नाही, असे नाही. २०११ च्या राज्य प्रशिक्षण धोरणात पदोन्नतीनंतरच्या प्रशिक्षणाला जागा आहे. पुण्यात यशदा ही प्रशासकीय प्रशिक्षण संस्था आहे. केंद्राने २०२० मध्ये मिशन कर्मयोगी मंजूर केल्यापासून ऑनलाइन अभ्यासक्रमही हाताशी आले. पण ‘पदोन्नतीनंतर’ या शब्दातच अडचण दडलेली आहे. पदभार आधी येतो आणि शिकणे मागून. मधल्या काळातले आदेश शिकाऊ हाताने लिहिले जातात.

‘अनुभवातून माणूस शिकतोच’ हे उत्तर नेहमी मिळते. ते अर्धेच खरे आहे. अनुभव सवयीही शिकवतो. आधीचा अधिकारी नोंद न वाचता सही करत असेल, तर नवाही तेच उचलतो. ‘पदे रिकामी आहेत, प्रशिक्षणाला माणूस सोडायचा कसा?’ हा प्रश्न मात्र खरा आहे. पण चुकीच्या प्रमाणीकरणाची किंमत कार्यालय मोजत नाही. ती प्रांत कार्यालयात अपिलासाठी हेलपाटे घालणारा शेतकरी मोजतो, आणि तोवर त्याचा सातबारा वादात अडकलेला असतो.

म्हणून पदभारापूर्वी काही आठवडे अनुभवी मंडळ अधिकाऱ्याच्या हाताखाली काढणे सक्तीचे करावे. सुनावणीला बसावे, आदेशाचा मसुदा लिहावा, तो दुरुस्त करून घ्यावा. अपिलात फिरलेले आदेश कारणांसह मंडळ अधिकाऱ्यांच्या बैठकीत वाचले जावेत, कारण चुकांइतका चांगला धडा दुसऱ्या कशात नसतो. आणि दप्तर तपासणी कशी करायची, हेही शिकवावे. शेऱ्यात केवळ ‘त्रुटी आढळल्या’ लिहिणारा अधिकारी तपासनीसच राहतो. त्रुटी का झाली, हे तलाठ्याशेजारी बसून उलगडणाराच खरा पर्यवेक्षक.

बढती हे आजवरच्या सेवेचे बक्षीस नव्हे, ती नव्या कामाची नेमणूक आहे. ते काम शिकवल्याशिवाय कोणाच्याही हाती सोपवू नये.