उलटे अरण्य
वडगावच्या विणकर वस्तीत गीतेच्या पंधराव्या अध्यायाचे प्रवचन ऐकणाऱ्यास वर मूळ आणि खाली शाखा असलेला अश्वत्थ नवा नसतो. ज्ञानेश्वरांनी तर तो फांदीफांदीने उलगडला आहे. असे उलटे झाड चित्रकलेतही आढळते: जर्मन चित्रकार गेओर्ग बाझेलित्स याने १९६९ साली, एकोणिसाव्या शतकातील चित्रकार रायस्की याचे अरण्यचित्र समोर ठेवून, तयार चित्र फिरविण्याऐवजी कुंचला चालवितानाच झाडे उलटी रंगविली, पुढे माणसेही तशीच काढली, आणि आकृतीचा त्याग न करता विषयाची हुकमत बरखास्त केली: तेथे आधी रंगाचा पट्टा दिसतो, मागाहून खोड. मात्र गीतेतील वृक्ष असंगाच्या, म्हणजे अनासक्तीच्या, शस्त्राने छेदावयाचा आहे, आणि बाझेलित्स शस्त्र उचलीतच नाही. दृष्टीची सवय मोडणे हा वैराग्याचा केवळ आरंभ होय, असा माझा स्पष्ट अभिप्राय आहे.