सुंदर बंदर



ग्रीस देशातील क्रेत बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर 'कालि लिमेनेस' नावाचे एक लहानसे खेडे आहे. ग्रीक भाषेत या नावाचा अर्थ 'चांगली बंदरे'. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात आपण ज्याला 'सुंदर बंदर' म्हणून वाचतो, तेच हे ठिकाण. दोन हजार वर्षांत नाव बदललेले नाही. मागे उघडेबोडके डोंगर, पुढे समुद्र आणि समोर लहान बेटे. त्यांतल्या एका बेटाला संत पौलाचेच नाव आहे, आणि नेमक्या त्याच बेटावर जहाजांना इंधन पुरवणाऱ्या टाक्या उभारल्या गेल्या! टेकडीवर मात्र पौलाच्या नावाचे छोटेसे चॅपेल आहे.

संत लूक लिहितो की, या बंदराजवळ लसया नावाचे नगर होते. पुढे ते नगर कोठे होते हेच जग विसरले. 1856 साली काही इंग्रज प्रवासी आपल्या बोटीतून येथे आले आणि त्यांनी तिथल्या माणसाला 'लसया कोठे?' असे विचारले. त्याने लगेच पूर्वेकडे बोट दाखवले. विद्वानांना जे ठाऊक नव्हते ते गावकऱ्यांच्या तोंडी जिवंत होते. आज तेथे भिंतींचे पाये, मंदिराचे अवशेष, थडगी आणि समोरच्या बेटाकडे जाणाऱ्या जुन्या धक्क्याचे दगड दिसतात.

पण आपल्याला खरे थांबायचे आहे ते बंदरावर. इ.स. 60 च्या सुमारास आलेक्सांद्रियाचे एक तारू वाऱ्याशी झुंजत कसेबसे येथे पोहोचले. तारवात गहू होता आणि 276 माणसे होती. त्यांत रोमला नेला जाणारा एक कैदी होता, संत पौल. आपल्याकडे पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढतात. भूमध्य समुद्रात दर्या बंद होतो तो हिवाळ्यात. प्रायश्चित्ताचा उपास होऊन गेला होता, म्हणजे सुरक्षित दिवस संपले होते. पौल म्हणाला, "येथून निघालात तर माल, तारू आणि जीव, सर्वांचीच हानी होईल."

पौल काही दर्यावर्दी नव्हता. पण करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तो सांगतो की, त्याचे तारू तीनदा फुटले होते आणि एक रात्र व एक दिवस त्याने खोल समुद्रात काढला होता. हे पत्र या प्रवासापूर्वीचे आहे. म्हणजे तो पुस्तकातले बोलत नव्हता, सोसलेले बोलत होता.

शताधिपती युल्य याने तांडेलाचे आणि तारवाच्या धन्याचे ऐकले. त्याला मूर्ख म्हणणे अन्यायाचे होईल. तो पौलाशी चांगला वागणारा माणूस होता. ते बंदर नावाने सुंदर असले तरी वाऱ्याला बरेचसे उघडे आहे. तेथे हिवाळा काढणे खरोखरच गैरसोयीचे होते. फेनिके हे बरे बंदर 60-70 किलोमीटरवरच होते. तांडेल जाणकार, धनी पैसा घातलेला आणि बहुसंख्य लोक निघण्याच्या बाजूने. तुम्ही-आम्ही तेथे असतो तर कोणाचे ऐकले असते?

आणि तेथे पौलाचे मित्रही होते. हा सारा प्रवास लूक 'आम्ही' असे म्हणून सांगतो, कारण तो स्वतः त्याच तारवात होता. अरिस्तार्खही होता. पौल एकटा बोलला, हे लूकने लिहिले. आपण त्याच्या बाजूने काही बोललो, असे मात्र त्याने लिहिलेले नाही. कदाचित बोलला असेल. आम्हांला ही शांतता अस्वस्थ करते, कारण ती आमच्या ओळखीची आहे. घरात लग्नासाठी मोठे कर्ज काढण्याचे ठरते, वाडीची जमीन विकायची ठरते, तेव्हा एखादी म्हातारी आई, किंवा दारूपायी एकदा सर्वस्व गमावून सावरलेला एखादा भाऊ हळूच म्हणतो, 'थांबा.' त्याच्या शब्दाला घरात वजन नसते. त्याचे खरे आहे हे आपल्यातील एकदोघांना मनातून पटलेले असते. आपण जमिनीकडे बघत बसतो.

मग दक्षिणेचा मंद वारा सुटला. लोकांना वाटले, आपला हेतू साधलाच. नांगर उचलला. थोड्याच वेळात बेटावरून युरकुलोन नावाचे वादळ कोसळले. पुढे कित्येक दिवस सूर्य नाही, तारे नाहीत. येथे लूक पुन्हा 'आम्ही' म्हणतो: आम्ही वाचू ही आशाच उरली नव्हती.

पौलाने तेव्हा त्यांना आठवण करून दिली की, माझे ऐकायला हवे होते. आम्हांला हे वाक्य आवडते. संतालाही ते बोलावेसे वाटले! पण त्याच दमात त्याने त्यांना धीर दिला. देवाने त्याला एकट्याला नव्हे, तर त्याच्याबरोबरच्या सर्वांना राखले होते. त्याचे न ऐकणाऱ्यांनाही. यानंतर शताधिपती आणि शिपाई त्याचे ऐकू लागले.

चौदावी रात्र सरत आली. कोणी धड जेवले नव्हते. उजाडता उजाडता पौलाने भाकर घेतली, सर्वांसमोर देवाचे आभार मानले, ती मोडली आणि तो खाऊ लागला. मग सर्वांना धीर आला व सर्वांनी खाल्ले. पोटभर जेवल्यावर त्यांनी तारवातला गहू समुद्रात टाकून दिला.